छापील लक्ष्मीचा मान

मध्य रेल्वेच्या मार्गावर घाटकोपर आहे. तोच मार्ग कल्याण, कर्जत करत घाट चढतो आणि लोणावळ्याच्या पुढे मळवलीला पोहोचतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही गावे या दोहोंच्या मधे येतात. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना आधी गिरगावात, मग घाटकोपरला आणि शेवटी मळवलीला होता. भारतातल्या लाखो घरांत लक्ष्मी आणि सरस्वती यांचे जे रूप आज डोळे मिटले तरी दिसते, ते या लोहमार्गाच्या काठी दगडावर उतरले आणि कागदावर छापले गेले. रोज या मार्गाने कामाला जाणाऱ्यांना ही गोष्ट शाळेत कोणी सांगितलेली नसते.

रविवर्मांचे नाव आज निघते ते बहुधा लिलावाच्या बातमीत. त्यांच्या मूळ तैलचित्राला किती कोटी मिळाले, याचा मथळा होतो. 1979 मध्ये केंद्र सरकारने त्यांच्या कलाकृतींना राष्ट्रीय कलाठेव्याचा दर्जा दिला आणि त्या देशाबाहेर विकायला बंदी आली. ते योग्यच झाले. पण त्याच चित्रकाराच्या छापील तसबिरी मात्र ‘कॅलेंडरवरचे देव’ म्हणून बाजूला सारल्या जातात. घराची डागडुजी निघाली की काच फुटलेली, कडा पिवळ्या पडलेली लक्ष्मी पिंपळाच्या पारावर ठेवली जाते किंवा विसर्जनाच्या पाण्यात सोडली जाते. राजवाड्यातले चित्र खरे आणि घरातले चित्र नक्कल, अशी ही विभागणी आहे. ती चुकीची आहे. रविवर्मांचे सर्वांत मोठे काम राजवाड्यात नाही, छापखान्यात झाले.

उल्हासनगरच्या माणसाला हे समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा शेरा या शहराने कित्येक दशके ऐकला आहे. स्वस्तात प्रत बनवणारा तो हलका, असे ठरवून टाकणाऱ्यांना हे दिसत नाही की ज्याला मूळ वस्तू कधीच परवडणार नव्हती, त्याच्यापर्यंत ती कोणी पोहोचवली.

रविवर्मांचा जन्म 29 एप्रिल 1848 चा, त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूरचा. मामा राजराज वर्मा स्वतः चित्रे काढत. भिंतीवर कोळशाने प्राणी रेखाटणाऱ्या भाच्याला त्यांनी ओरडण्याऐवजी शिकवायला घेतले आणि चौदाव्या वर्षी त्याला तिरुवनंतपुरमला महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारात नेले. दरबारात तैलरंगांचे ज्ञान असलेले चित्रकार होते रामस्वामी नायडू. त्यांनी या मुलाला शिकवायचे नाकारले. 1868 मध्ये थिओडोर जेन्सन नावाचा युरोपीय व्यक्तिचित्रकार राजघराण्याची चित्रे काढायला आला. त्यानेही शिकवले नाही, फक्त काम करताना पाहू दिले. एका चित्रकाराची पाठ आणि कॅनव्हासवर फिरणारा त्याचा हात, एवढीच या माणसाची शाळा. रंगात तेल किती घालायचे, कातडीवरचा उजेड कसा चढवायचा, रेशमाची घडी कुठे मोडायची, हे सारे त्याने चुकत चुकत स्वतः शोधले.

त्याच 1868 साली इकडे अंबरनाथला वेगळेच काम चालले होते. शिलाहारांच्या काळातल्या शिवमंदिराची, 1060 च्या त्या कोरीव मंदिराची, रेखाटने करायला आणि त्याच्या शिल्पांचे साचे घ्यायला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतली मंडळी आली होती. कलाशाळेत प्लास्टरच्या साच्यांवरून रेखाटन करणे हा शिक्षणाचा पहिला धडा असे. प्रत करणे हे शिकण्याचे साधन आहे, ही जाण तेव्हाच्या कलाशिक्षणात पक्की होती. पुढे छापील प्रतीलाच तुच्छ मानण्याची रीत कुठून आली, याचा विचार करावासा वाटतो तो यामुळे.

पुढची वाटचाल झपाट्याची. 1873 मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात केसांत फुले माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला सुवर्णपदक मिळाले आणि तेच चित्र व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनातही गौरवले गेले. 1876 मध्ये कमलपत्रावर दुष्यंताला पत्र लिहिणारी शकुंतला आली. मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी ती विकत घेतली. पण 1880 मध्ये आयिल्यम तिरुनाळ वारले, नवे महाराज विशाखम तिरुनाळ यांच्याशी सूर जुळला नाही आणि दरबारचा आधार गेला. हे दुर्दैव भारतीय कलेच्या पथ्यावर पडले. आश्रय टिकला असता तर एक उत्तम दरबारी चित्रकार म्हणून किळिमानूर आणि तिरुवनंतपुरमच्या दरम्यान त्यांचे आयुष्य संपण्याचा संभव होता. आता त्यांना बाहेर पडावे लागले.

बाहेरचा दरवाजा उघडला तो एका मराठी माणसाने. सर टी. माधवराव हे कुंभकोणमच्या मराठी देशस्थ घराण्यातले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी केली. त्रावणकोरला असताना त्यांना या तरुणाची ओळख होती. 1881 मध्ये सयाजीराव गायकवाडांना राज्याधिकार मिळण्याचा समारंभ होता, तेव्हा रविवर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू सी. राजराज वर्मा बडोद्याला आले. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक आलेला अठरा वर्षांचा राजा आणि तेहतीस वर्षांचा चित्रकार यांचे नाते इथे जुळले. 1888 मध्ये सयाजीरावांनी पुराणकथांवरची चौदा चित्रे सांगितली.

युरोपातल्या कला अकादमींत तेव्हा इतिहासचित्राला सर्वांत वरचे स्थान होते. व्यक्तिचित्र, निसर्गचित्र, फळे-फुले हे सारे त्याच्या खाली. इतिहासचित्रात युद्ध, राज्याभिषेक यांबरोबर बायबल आणि ग्रीक पुराणेही येत. मोठा कॅनव्हास, अनेक माणसे, आणि कथेतला असा एक क्षण की त्याच्या आधीचे आणि नंतरचे सगळे पाहणाऱ्याला कळावे. रविवर्मांनी हा साचा उचलला आणि त्यात महाभारत, रामायण, शाकुंतल बसवले. कामाला हात घालण्याआधी दोघे भाऊ उत्तर हिंदुस्थानात फिरले. प्रश्न होता वेशाचा. द्रौपदी कोणती साडी नेसेल? दमयंतीचे दागिने कुठल्या प्रांताचे? साऱ्या देशाला आपली वाटेल अशी एकही वेशभूषा सापडली नाही. शेवटी त्यांच्या अनेक नायिकांच्या आणि देवींच्या अंगावर आली ती नऊवारीच्या वळणाची साडी. एका मल्याळी चित्रकाराच्या हातून महाराष्ट्राच्या नेसण्याला देशभर देवीचा वेश होण्याचा मान मिळाला.

या चित्रांचे बळ क्षण निवडण्यात आहे. विश्वामित्र आणि मेनका यांच्या चित्रात मोहाचा प्रसंग नाही, त्यानंतरचा आहे. मेनका तान्हे बाळ पुढे करते आणि ऋषी तोंड फिरवून हात वर करतो. बाप मुलीला नाकारतो आहे. ती मुलगी म्हणजे शकुंतला आणि तिलाही पुढे दुष्यंत ओळख देणार नाही, हे ज्याला कथा माहीत आहे त्याला त्या एका हाताच्या हालचालीत दिसते. जटायूच्या चित्रात रावणाने पंख छाटला आहे, पक्षी कोसळतो आहे आणि सीतेने चेहरा झाकून घेतला आहे. कीचक आणि सैरंध्रीच्या चित्रात राणीच्या वेशातली नाही तर दासीच्या वेशातली द्रौपदी आहे, तिची लाज आणि तिचा राग दोन्ही देहात साठलेले. दुष्यंताला पुन्हा पाहता यावे म्हणून पायातला काटा काढायच्या निमित्ताने थबकलेली शकुंतला तर साऱ्यांच्या ओळखीची. पुराणातली माणसे इथे आशीर्वादाचा हात धरून समोर पाहत नाहीत. ती एकमेकांकडे पाहतात, अडखळतात, मागे वळतात.

ही नजर नाटकाची आहे, असा आक्षेप घेतला जातो. नाटकाची आहेच, आणि त्यात वावगे काय? 1880 मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे संगीत शाकुंतल रंगभूमीवर आले. मराठी प्रेक्षक ज्या दशकात शकुंतलेला बोलताना, गाताना, रडताना पाहू लागला, त्याच दशकात ही चित्रे तयार होत होती. मुंबईच्या मुक्कामात दोघा भावांना नाटकांचा नाद होता. राजराज वर्मांची इंग्रजी रोजनिशी आज छापून उपलब्ध आहे आणि त्यात कामाच्या नोंदींबरोबर मुंबईतल्या नाटकांच्या आणि प्रदर्शनांच्याही नोंदी आहेत. धाकट्या भावाचा इथे वेगळा उल्लेख करायला हवा. तो स्वतः चांगला निसर्गचित्रकार होता, थोरल्याच्या कित्येक चित्रांतली पार्श्वभूमी त्याची, व्यवहार त्याचा, पत्रव्यवहार त्याचा. एकट्या रविवर्मांच्या नावावर जमा होणाऱ्या कामात या माणसाचा वाटा मोठा आहे.

बडोद्याची चित्रे 1890 मध्ये पूर्ण झाली. लोकांना पाहण्यासाठी ती खुली ठेवली तेव्हा रीघ लागली, चित्रांच्या छायाचित्रांच्या प्रतीही विकल्या गेल्या. पुढे 1893 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात रविवर्मांची दहा चित्रे गेली आणि पदकेही मिळाली. पण परदेशातल्या पदकांपेक्षा बडोद्यातली ती गर्दी महत्त्वाची. चित्र पाहण्याची भूक कोणाला आहे, हे तिच्यामुळे दिसले.

ही भूक माधवरावांनी फार आधी ओळखली होती. 1884 मध्येच त्यांनी रविवर्मांना लिहून सुचवले होते की चित्रांची मागणी इतकी आहे की दोन हातांनी ती पुरी होणार नाही, तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती काढाव्यात. त्यात नाव तर होईलच, शिवाय देशाची सेवाही घडेल. या सल्ल्यात ‘सेवा’ हा विचार आला आहे, तो वाचून आजही थांबायला होते. एका दिवाणाने छापील प्रतीकडे धंदा म्हणून पाहिले नाही.

दहा वर्षांनी, 1894 मध्ये, छापखाना मुंबईतच निघाला. भागीदार होते गोवर्धनदास खटाव मकनजी, यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आले. पहिले चित्र छापले गेले ते शकुंतलेच्या जन्माचे, म्हणजे विश्वामित्राने तोंड फिरवल्याचे. मागोमाग लक्ष्मी आणि सरस्वती.

रंगीत शिळाछापाचे काम आजच्या माणसाला कल्पना येणार नाही इतके कष्टाचे. बव्हेरियातल्या चुनखडीची सपाट घासलेली शिळा घ्यायची. तिच्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र उतरवायचे. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, या साध्या तत्त्वावर ओल्या शिळेवर फक्त तेलकट भागालाच रंग लागतो. पण एका शिळेवर एकच रंग. म्हणजे लक्ष्मीच्या साडीचा लाल, कमळाचा गुलाबी, चेहऱ्याचा फिका, सावलीचा तपकिरी, प्रत्येकाची शिळा निराळी, आणि एका चित्राला डझनभर किंवा त्याहून जास्त शिळा. मूळ चित्रातला प्रत्येक रंग डोळ्यांनी वेगळा काढून तो ठिपक्याठिपक्यांनी शिळेवर मांडणारा कारागीर हा या कामाचा कणा. कागद प्रत्येक वेळी त्याच जागी बसला पाहिजे; केसभर सरकला तर लक्ष्मीला दुसरा ओठ फुटायचा. शेवटी वरून वार्निश, कधी कॅनव्हासचा पोत उठवलेला, म्हणजे तैलचित्राचा भास. अशा छपाईला ‘नक्कल’ म्हणताना निदान ती करणाऱ्या हातांचा विचार झाला पाहिजे. त्या कारागिरांची नावे कोणी जपून ठेवली नाहीत.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. कामगार शहर सोडून पळाले, बाजार बसला, कर्ज वाढले. 1899 मध्ये छापखाना मळवलीला हलवला. तरीही आर्थिक गणित जमले नाही आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रविवर्मांनी तो आपल्या जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायखरला, विकून टाकला. ज्यांच्या नावावर तो चालत होता, त्यांना त्यातून श्रीमंती लाभली नाही. 1905 च्या जानेवारीत राजराज वर्मा वारले. भावामागे रविवर्मा फार दिवस सावरले नाहीत. 2 ऑक्टोबर 1906 रोजी किळिमानूरलाच त्यांचा अंत झाला. छापखाना मात्र चालत राहिला. याच छापखान्यासाठी काही काळ काम केले दादासाहेब फाळके यांनी. 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ पाहिला की त्यातली रचना, उभे राहण्याची ढब, राजा-राणी-पुत्र यांची मांडणी यांत रविवर्मांची छाप ओळखू येते. छापील देवांपासून हलत्या देवांपर्यंतचा रस्ता मळवलीवरून गेला आहे. 1972 मध्ये लागलेल्या आगीत तो छापखाना भस्मसात झाला.

आता त्या प्रतींनी काय केले ते पाहू.

रविवर्मांच्या आधी महाराष्ट्रातल्या सामान्य घरात देव होता तो टाकाच्या रूपात, चांदीच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर ठोकलेला. चित्रे दाखवून कथा सांगणारे पैठणचे आणि पिंगुळीचे चित्रकथी गावोगाव फिरत. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने 1878 मध्ये चित्रशाळा सुरू झाली आणि तिचे रामपंचायतन घरोघर गेले, तेव्हा छापील देवाची वाट रविवर्मांच्या आधीच पडली होती हे मान्य करायला हवे. पण देवीला माणसाचा चेहरा, अंगाला वजन आणि डोळ्यांत ओलावा आला तो या तसबिरींनी. आणि त्या विकत घ्यायला जात विचारली जात नव्हती.

रविवर्मांचे स्वतःचे त्रावणकोर हे अस्पृश्यतेच्या बाबतीत देशातल्या सर्वांत कठोर संस्थानांपैकी एक होते. तिथे देवळे सर्वांना खुली झाली 12 नोव्हेंबर 1936 रोजी. आपल्याकडे नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात 2 मार्च 1930 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि तो पाच वर्षे चालूनही दार उघडले नाही. या तारखा छापखान्याच्या 1894 शेजारी ठेवून पाहाव्यात. ज्या माणसाला देवळाच्या पायरीवर उभे राहू देत नव्हते, तो बाजारातून लक्ष्मी विकत घेऊन आपल्या झोपडीच्या कुडाला लावू शकत होता. पुजारी नाही, सोवळे नाही, गाभाऱ्याचा अंधार नाही. रविवर्मा समाजसुधारक नव्हते, त्यांनी हे ठरवून केले असा दावा करता येणार नाही. ते राजघराण्याशी सोयरीक असलेल्या कुळातले गृहस्थ होते. पण छपाईने जे घडवले ते त्यांच्या हेतूपेक्षा मोठे होते. आणि तसबीर घरी आल्याने देवळाच्या दाराचा अन्याय तिळभरही कमी होत नव्हता, हेही तितकेच खरे. काळारामचा लढा दर्शनासाठी नव्हता, माणुसकीच्या हक्कासाठी होता.

रविवर्मांवरची टीका जुनी आहे. भगिनी निवेदितांना जमिनीवर पालथी पडून पत्र लिहिणारी शकुंतला अशोभनीय वाटली. आनंद कुमारस्वामींना या देवांत दिव्यत्व दिसले नाही, नाटकी पोशाख दिसला. बंगालच्या नव्या कलाशैलीने त्यांना परक्यांची शैली उचलणारा ठरवले. या टीकेतली एक गोष्ट मात्र आजही टोचते आणि ती टोचली पाहिजे. या चित्रांतल्या देवी गोऱ्या आहेत, सुखवस्तू घरातल्या आहेत. एकच चेहरा देशभर छापला गेल्याने गावोगावच्या सावळ्या, उग्र, शेंदरी देवी मागे सरल्या. आजही ‘सुंदर’ म्हणताना डोळ्यांपुढे जो उजळ चेहरा येतो त्यात या छापांचा वाटा आहे. हा दोष खरा आहे आणि तो लहान नाही. मात्र ‘हे बाजारू आहे’ हा दुसरा आक्षेप अजिबात पटणारा नाही. बाजारात आले म्हणूनच ते कुडाच्या भिंतीपर्यंत पोहोचले.

बाजाराने या चित्रांचे काय काय केले! मँचेस्टरच्या कापडाच्या ताग्यांवर त्यांची लेबले लागली, साबणाच्या आणि ग्राइप वॉटरच्या जाहिरातींत ती आली, स्वीडन आणि ऑस्ट्रियाहून हिंदुस्थानासाठी येणाऱ्या काडेपेट्यांवर रविवर्मांच्या नायिका छापल्या गेल्या. त्या स्वीडिश काडेपेटीचा धंदा पुढे थेट आपल्या दारात आला: 1920 च्या दशकात स्वीडिश भांडवलाच्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीने, म्हणजे विमकोने, अंबरनाथला कारखाना काढला आणि अंबरनाथच्या कित्येक पिढ्या तिच्यावर जगल्या.

आणि घरातल्या बायकांनी काय केले? त्यांनी या तसबिरींवर जर लावली, टिकल्या आणि मणी चिकटवले, लक्ष्मीला खऱ्या कापडाची साडी नेसवली. अशा सजवलेल्या तसबिरी आज संग्राहक शोधत फिरतात. छापील प्रत ही सगळ्यांची सारखी असते, असे म्हणतात. पण कापडाच्या बारीक तुकड्यांनी मढवलेल्या दोन तसबिरी शेजारी ठेवल्या तर त्या सारख्या नसतात. कापडाचा व्यापार ज्या गावाच्या अंगात मुरला आहे, जिथे कॅम्प २ च्या गजानन मार्केटमध्ये साड्यांच्या घड्या दिवसभर उलगडत असतात, तिथे या कलेचे मोल कोणाला पटवून द्यावे लागू नये.

उल्हासनगर हे घर सोडून आलेल्यांचे शहर आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर माणसांना कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत जागा मिळाली आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते या वस्तीला नाव मिळाले. बराकीत देऊळ बांधायला जागा नसते, भिंत असते. माशावर, कमळावर बसलेल्या पांढऱ्या दाढीच्या झुलेलालची छापील तसबीर ही ज्यांच्या घराचा देव्हारा झाली, त्यांना छापील देव म्हणजे काय हे कलेच्या इतिहासकारांपेक्षा नीट माहीत आहे. आणि शेजारच्या मराठी चाळीत, आगरी-कोळी घरात, कर्नाटकातून आणि उत्तरेतून आलेल्या कामगारांच्या खोलीत त्याच भिंतीवर लक्ष्मी, दत्त, विठ्ठल, बाबासाहेब. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तिन्ही गावांतला सर्वांत मोठा चित्रसंग्रह असा लोकांच्या घरात विखुरलेला आहे.

तो गोळा करणे अवघड नाही. बंगळुरूची राजा रविवर्मा हेरिटेज फाउंडेशन ही संस्था या छापांच्या नोंदी करते. साताऱ्याजवळच्या औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये संग्रहालय उभारले, तिथे रविवर्मांची मूळ चित्रे आहेत आणि शाळांच्या सहली तिथे जातात. मग ज्या लोहमार्गावर हा छापखाना चालला, त्या मार्गावरच्या शहरांत त्याची साधी पाटीही नसावी का? उल्हासनगर महापालिकेने, अंबरनाथ आणि बदलापूरच्या नगर परिषदांनी आपापल्या वाचनालयात एकेक खोली याला द्यावी. घराघरांतल्या जुन्या तसबिरी काढून घ्यायच्या नाहीत, देव कोणाचाही उचलायचा नाही. फक्त त्यांची छायाचित्रे, त्या घरात कधी आणि कुठून आल्या याची नोंद, आणि ज्या घराला नको झाल्या असतील त्यांच्यासाठी जागा. हे काम करायला चित्रकार लागत नाही. महाविद्यालयातली मुले आणि थोडा धीर पुरे. घाटकोपर आणि मळवलीच्या स्थानकांवर रेल्वेने दोन फलक लावावेत, ही मागणी खासदारांपर्यंत गेली पाहिजे.

तोवर एक काम फ्रेम करून देणाऱ्या प्रत्येक दुकानात लगेच होऊ शकते. जुनी तसबीर नव्या चौकटीत बसवताना कागदाच्या कडा कापल्या जातात, कारण त्या पिवळ्या आणि फाटक्या असतात. त्या कापू नयेत. शिळाछापाच्या खालच्या पट्टीवर चित्राचे नाव आणि छापखान्याचा पत्ता असतो. कित्येकांवर ‘रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा’ असे बारीक अक्षरांत छापलेले सापडते. ती पट्टी गेली की चित्र कुठले आणि कधीचे हे सांगणारा पुरावाच जातो. लॅमिनेशन करू नये, ते पुन्हा निघत नाही. जर आणि टिकल्या उचकटून चित्र ‘साफ’ करू नये. कागद थेट काचेला चिकटू देऊ नये, मधे पुठ्ठ्याची पट्टी द्यावी, आणि मागे वर्तमानपत्राऐवजी स्वच्छ पांढरा कागद लावावा. गिऱ्हाईक म्हणेल की जुनी काढून टाका, नवी चकचकीत द्या. तेव्हा दुकानदाराने जुनी उलटी करून तिची मागची बाजू आणि खालची ओळ त्याला एकदा वाचून दाखवावी, आणि मग विचारावे.